रेषेच्या अलीकडे

अमेरिकन फुटबॉल मला या जन्मात कळेल असं वाटलं नव्हतं. पण टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या शेजारणीचा मुलगा कॉलेजच्या टीममधून खेळायला लागला आणि मी पार वेडी झाले. तो बॉल छातीशी धरून पळत सुटला की मी सोफ्यावर चढून ओरडायचे.

शेजारीण नर्स. एकटीनं वाढवलंय त्याला. त्याच्या कॉलेजात एका मोसमातल्या सर्वाधिक टचडाउनचा विक्रम कुणा जुन्या खेळाडूच्या नावावर आहे, स्टेडियमच्या भिंतीवर तशी पाटीच आहे. यंदा, शेवटच्या वर्षी, पोरानं त्या विक्रमाची बरोबरी केली होती. आणखी एकदा बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडली की पाटीवर त्याचं नाव! तिथं उभं राहून फोटो काढायचा, हे शेजारणीनं कधीचंच ठरवलं होतं.

मोसमातल्या शेवटच्या मॅचला ती आम्हांलाही घेऊन गेली. माझ्या नवऱ्यानं जॅकेटमध्ये लपवून पेढ्यांचा बॉक्स आत आणला.

"आधी होऊ तर दे," मी म्हटलं.

"होणारच यार! पेढे फ्रेश आहेत, नंतर कशाला?"

पण दुपारभर समोरच्यांनी पोराला डोकं वर काढू दिलं नाही. बॉल हातात आला की चारचार जण अंगावर! मला त्यांचा असा संताप आला की विचारू नका. मॅच संपत आली. आमच्याकडे जेमतेम एका गुणाची आघाडी होती. आणि बॉल पुन्हा त्याच्याकडे आला.

तो निसटला! एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या हाताखालून गेला, आणि पुढं सगळं मैदान मोकळं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. माझा घसा बसला तरी मी ओरडतच होते. नवऱ्यानं बॉक्स उघडून मागच्या रांगेतल्या अनोळखी लोकांच्या हातात पेढे कोंबायला सुरुवातही केली. "रेकॉर्ड! रेकॉर्ड!"

आणि रेषा दोन पावलांवर असताना पोरगा थांबला. गुडघा टेकला आणि खाली बसला.

"अरे, पडला! ऊठ ना, गाढवा!" मी किंचाळले.

"पडला नाही, मुद्दाम बसला," शेजारीण म्हणाली. टचडाउन केलं असतं तर नियमानं बॉल समोरच्यांकडे गेला असता आणि उरलेल्या वेळात त्यांना बरोबरी साधता आली असती. तो अलीकडेच बसला, त्यामुळं बॉल आमच्याकडेच राहिला आणि घड्याळ पळत राहिलं. आम्ही जिंकलो. विक्रम मात्र हुकला. मला तर अभिमानानं आणि रागानं एकदमच रडू आलं.

मॅच संपल्यावर तो घामाघूम कठड्यापाशी आला. टीमचे पोरगे मागून त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो आईकडेच बघत होता.

"रागावलीस?"

"हो. खूप," ती म्हणाली आणि कठड्यावरून वाकून, सगळ्या स्टेडियमसमोर, त्या आडदांड पोराच्या गालांचे पटापट मुके घेत सुटली.