अट काढून पाहणाऱ्या अक्का

नाशिकहून जळगावला निघाले ते एका फोनमुळे. अक्का म्हणाल्या, "पुस्तकं, कागद, सगळं रद्दीत देतेय. हवं ते घेऊन जा."

अक्कांनी मला कॉलेजात गणित शिकवलं. फंक्शनल अॅनालिसिस, म्हणजे एकेका फलनालाच बिंदू मानून त्यांच्यातली अंतरं मोजणारी शाखा. आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती तेव्हापासून त्यांचे लेख परदेशी छापून येत. एका प्रमेयातली, सगळ्यांनी गृहीत धरलेली अट त्यांनी काढून टाकली आणि प्रमेय तरीही उभं राहिलं. तिकडून बोलावणी आली. त्या गेल्या नाहीत.

जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांच्या दाराशी गठ्ठे बांधून तयार होते.

"इथे कोणाला लागलं गं हे? तिकडे पुढे नेणारं कोणी भेटलं असतं," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिरपूरला एम.एस्सी. करणाऱ्या भाचीकडे जायचं होतं. अक्कांनाही गाडीत बसवलं. चोपड्यामार्गे जा, रस्ता अधूनमधून उखडलाय, पण दुतर्फा केळी आणि उजवीकडे सातपुडा. चोपड्यात शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली, नाशिकच्या मानाने स्वस्तात.

"आबा, हळू चाला, रस्ता बठ्ठा खराब शे," अक्का ड्रायव्हरला अहिराणीत म्हणाल्या.

"रस्ता नही अक्का, तुमनं पोट भरेल शे."

भाचीच्या कॉलेजात तिच्या मॅडमनी आम्हाला वर्गात मागच्या बाकावर बसू दिलं. त्यांनी फळ्यावर प्रमेय लिहिलं, मग एक अट बोटाने पुसली. "आता काय मोडतं, सांगा."

मी चमकले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हात वर केल्याशिवाय बोलायची सोय नव्हती; अक्कांच्या वर्गात मात्र अट पुसली की कालवा सुरू व्हायचा.

"दरवेळी अंतर निम्मं करत एका ठिकाणाकडे जायचं," मॅडम म्हणाल्या. "ते ठिकाणच काढून टाकलं तर?"

"बस चाललीय अन् स्टँडच नाही," एक मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

"प्रवाशांना ते कसं कळणार?" मागून अक्का.

मॅडम वळल्या. "तुम्हीच सांगा, आजी."

"नाहीच कळणार. थांबे एकमेकांच्या जवळ येतायत, एवढंच कळेल."

तासानंतर अक्कांनी मॅडमना विचारलं, "ही अट पुसायची पद्धत कुठली?"

"आमच्या सरांची. चोपड्याला होते. त्यांना कोणी शिकवली, माहीत नाही. आमच्याकडे असंच शिकवतात."

मी अक्कांचं नाव सांगणार, तोच त्यांनी माझा हात दाबला.

परतताना धुळ्यावरून आलो. लांब पडतं, पण हायवे चांगला. पारोळ्याला अक्कांनी पदराचं टोक हातात घेतलं. मग म्हणाल्या, "बोटाने पुसते ती. मी पदराने पुसायचे."

"आणि दिवसभर पदरावर खडू मिरवायचात."

सकाळी मी निघताना गठ्ठ्यांच्या सुतळ्या सुटलेल्या होत्या. मी पिशवी पुढे केली, तर म्हणाल्या, "तू कुठे वाचणारेस? ठेव इथेच."

रिकामी पिशवी घेऊन घरी आले. चहा ठेवताना, अक्का जळगावातच राहिल्या, ही एक अट काढून पाहिली. शिरपूरचा तो वर्ग मोडला.