सूर्य कुणाच्या पाठीशी

“सूर्य पाठीशी ठेवा, वहिनी,” असं सांगवीच्या स्टुडिओवाल्यानं चाळीस वर्षांपूर्वी मला बजावलं होतं. मी ठेवला. फक्त पाठ कुणाची, हे विचारलं नाही. पवनेच्या काठावर नवऱ्याला उभं केलं, सूर्य बरोबर त्याच्या पाठीमागे घेतला आणि अख्खा रोल संपवला. धुऊन आले ते कोळशाचे पुतळे आणि मागे पांढरंफटक पाणी. यातला आमचा मुलगा कोणता, एवढंच सासूबाईंनी विचारलं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. इतकी तोऱ्याची बाई आज भेटली तर गालगुच्चाच घेईन तिचा.

एवढ्या भांडवलावर मी गेल्या माघात निघोजेला निघाले. हिराबाई आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी विकते. निघोजेतलं तिचं शेवटचं वावर भावकीनं गोदामाला दिलं होतं. गोदाम उठलं की घरातून भामचंद्राचा डोंगर दिसणार नव्हता. तिला एकच फोटो हवा होता, वावर आणि डोंगर एकत्र असलेला.

नेहमीचे रिक्षावाले सलीमभाई पहाटेच आले. मोशीच्या पुढे पहिल्या शिफ्टच्या बसगाड्यांत अडकलो, तेव्हा आजकाल फोटो मोबाईलमध्येही निघतात, अशी बातमी त्यांनी मला दिली. मी पिशवीतला कॅमेरा आणखी घट्ट धरला.

पोचलो तर बांधावर जेसीबी उभा. तो दुसऱ्या दिवशी यायचा होता. हिराबाईचा चेहरा उतरला होता.

त्यात उजेडानं दावा मांडलेला. पूर्वेला शेजारच्या कंपनीची उंच भिंत, तिची सावली सगळ्या वावरावर. पलीकडे डोंगर आणि पत्र्याची छपरं मात्र उन्हात लखलखत होती. डोंगर बघून उजेड मोजला की वावर काळं पडे, वावर बघून मोजला की डोंगर आभाळात विरघळे. दोन फोटो काढून घरी जोडता येतात, हे मी हिराबाईला सांगून पाहिलं.

“जोडल्यालं नगं,” ती म्हणाली. “हाय तसं येऊ द्या.”

म्हणजे सावली भिंतीकडे सरकेपर्यंत थांबणं आलं. मी जेसीबीवाल्याकडे गेले. उदगीरकडचा तरणा गडी. मी फोटोचं सांगितलं, डोंगराचं सांगितलं. त्यानं वावराकडे पाहिलं आणि चावी फिरवून मशीन बंद केलं.

“घ्या मावशी निवांत. साहेबाचा फोन आला तर सांगतो, डिझेल भरायलोय.”

मग आम्ही चौघं बांधावर बसून बाजरीची भाकरी आणि घोलाणा (हरभऱ्याच्या कोवळ्या पानांची कच्ची भाजी) खात सावलीवर डोळा ठेवून होतो. ती इतकी हळू सरकत होती, की सलीमभाईंनी तिला धक्का मारायची तयारी दाखवली. साहेबाचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा डिझेल भरणं चालूच होतं.

अखेर ऊन भिंतीवरून उतरलं. आधी धसकटं सोनेरी झाली, मग काळी माती उघडी पडली. या वेळी सूर्य माझ्या पाठीशी होता, हे मी दोनदा मागे वळून तपासलं. छपरं अजून डोळे दिपवत होती, म्हणून फोटो जरा काळसरच ठेवला. काळ्यातलं थोडंफार पुढे उकलता येतं, पांढरं जळालं की त्यात काही उरत नाही. हिराबाईला मध्ये उभी राहा म्हटलं, तर मी कशाला जागा अडवू, म्हणून ती बाजूला झाली.

तीन वेळा बटण दाबलं. आम्ही बांधावरून निघालो तेव्हा मागे मशीन सुरू झालं. हिराबाईनं वळून पाहिलं नाही, मीही नाही.

फोटो मोठा करून, चौकटीत घालून तिला दिला. पावसाळा सरताना ती पुन्हा फाटकाशी दिसली. गोदाम उभं राहिलं होतं. फोटो कुठे लावलास, मी जरा फुशारकीनंच विचारलं. मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत ती म्हणाली,

“खिडकी उघडली की आता नुसता पत्रा दिसतोय, ताई. मंग खिडकीच लावून घेतली आन् तिच्यावरच खिळा ठोकला. सकाळी उठलं की डोंगर हाय जागच्या जागी.”