गार डोयरा

मार्गिलानच्या आमच्या गल्लीत सानोबारचे पाय कधी जमिनीला टेकलेले कुणी पाहिले असतील तर शपथ. पाण्याची बादली आणायला पाठवावं, तर मोकळ्या हाताचं मनगट फिरवत यायची. तिची आई, अंझिरात तिचं नाव, रेशमाच्या मागावर बसायची, माग खटखटायचा, आणि त्या खटखटीवर ही अंगणात गिरक्या घ्यायची. "अगं कार्टे, तुझ्याकडे बघताबघता सूत तुटलं माझं!" अंझिरात ओरडायची, आणि परत बघायची.

तिचा बाप आणि मी एकाच उस्तादाकडे डोयरा शिकलो. बाप लवकर गेला. मी ताश्कंदला सरकारी नृत्यपथकात वादक म्हणून लागलो, पण दर उन्हाळ्यात घरी आलो की पोर समोर उभी. "मामा, वाजवा." नात्यानं मी तिचा कुणीच नव्हतो, पण मामा म्हणायची. बारा वर्षं शिकवलं तिला. एक गोष्ट तर हाणून हाणून डोक्यात घातली: ठोका कानानं घ्यायचा, वाजवणाऱ्याकडे बघायचं नाही. वाजवणाऱ्याकडे बघत नाचते ती लग्नातली हौशी मावशी.

"तुमच्या तोंडाकडे बघण्यासारखं आहे तरी काय, मामा?" म्हणायची भवानी.

तिच्या एकोणिसाव्या वर्षी आमच्या पथकात नाचणारीची एक जागा निघाली. एकच. चाळीस मुली आल्या. त्याच सुमाराला कोकंदचं एक स्थळ चालून आलं होतं. माणसं चांगली, पण बैठकीत चहा ओतायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, आमच्याकडे सून नाचत नाही. अंझिरातनं लेकीला बजावलं, "घेतलं तुला तर नाच, मी कोकंदवाल्यांना नाही म्हणते. नाही घेतलं तर मुकाट्यानं तिथं लग्न करायचं आणि ते सांगतील तसं राहायचं." सानोबार हो म्हणाली. निवड होणार याची तिला खात्रीच होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

डोयरा म्हणजे डफाचाच भाऊ, आतल्या बाजूनं लोखंडी कड्या लावलेला. त्याचं कातडं वाजवण्याआधी तापवावं लागतं. गार, दमट कातड्यावर मधला ठोका कसाबसा निघतो, पण कडेचा टणटणीत ठोका मरून जातो. आणि आमच्या नाचातले सगळे थांबे त्या कडेच्या ठोक्यावर असतात. गिरकी घेता घेता पोरगी जागच्या जागी गोठते, ती तो ठोका ऐकून. म्हणून फेब्रुवारीतल्या थंडीत चाचणी असली, की मी दर मुलीच्या आधी दोन मिनिटं हीटरपुढे बसतो. ते माझं कामच आहे.

चाचणीच्या दिवशी सकाळी आमच्या संचालिका रिसोलात-ओपांनी, म्हणजे ताईंनी, मला बाजूला घेतलं. एके काळी काय नाचायची ही बाई! आता नुसती खुर्ची सांभाळते.

"तुर्गून-आका, बारा नंबर उपसंचालकांची भाची आहे."

"बरं मग?"

"नमनगानचे पाहुणे परीक्षक कुणाचं ऐकत नाहीत. आणि तिच्या आधी ती अकरा नंबर. फार उजवी आहे ती पोरगी. तिच्या वेळी हीटरपाशी जाऊ नका, एवढंच."

अकरा नंबर सानोबारचा होता.

"ठेका सोडू नका हं. तुमची अब्रू राहू दे," ती म्हणाली. "तुमच्याच गावची आहे ना? छान. म्हणजे कुणाच्या मनात शंकाही येणार नाही. नाहीतर आजकाल रेकॉर्डिंग लावूनही चाचणी होते, आका. माणूस लागतोच असं कुठंय?"

माझी पेन्शन तीन वर्षांवर आली होती. हे कारण मी तेव्हाही स्वतःला दिलं, आजही देतो. थुंकलं पाहिजे माझ्या तोंडावर. मी "बरं" म्हणालो.

दहा नंबर संपला. मी डोयरा मांडीवर आडवा टाकून बसून राहिलो, उगाच कड्या चाचपत. सानोबार आली. आमच्याकडे नाचणारी आधी डोयऱ्याला बोटं लावून डोळ्यांना लावते. तिनं लावली, आणि बोटं तशीच थांबली. कातडं गार होतं. तिनं हीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होतो.

"सुरू करा," रिसोलात-ओपा म्हणाल्या.

दोन मिनिटं द्या, एवढं म्हणायचं होतं मला. तीन शब्द! मी वाजवायला लागलो. ठेका एकही चुकवला नाही, हे मी छाती ठोकून सांगू शकतो, आणि त्याला काडीची किंमत नाही. कडेचा ठोका धप्प निघाला. पहिला थांबा तिचा केसभर हुकला. पाहुण्या परीक्षकानं मान वर केली.

मग तिनं काय केलं माहितीये? ऐकू येईना, तेव्हा तिनं माझ्या बोटांवर डोळे लावले. बोट कडेला टेकायच्या आत तिचं मनगट थांबायचं. पुढचे तेरा थांबे, तेराच्या तेरा, तिनं माझ्या बोटांवरून उचलले. असं नाचताना मी कुणाला पाहिलेलं नाही. हात वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोकांना वाटलं, म्हातारा रंगलाय.

तिचं झालं आणि मी उठलो. बारा नंबरसाठी हीटरपुढे उकिडवा बसलो, डोयरा गोल फिरवत, चांगला टणटणेपर्यंत तापवला. सानोबार पडद्याशी उभी राहून ब्लाउजवरचा नंबर सोडत होती. टाचणी हातात धरून ती बघत राहिली.

दुपारी पाहुण्यानं शेरे वाचले. प्रामाणिक माणूस होता, त्यानं जे दिसलं तेच लिहिलं. "अकरा नंबर. हात सुरेख, गिरकी स्वच्छ. पण नजर सतत वादकावर. आधाराशिवाय नाचता येत नाही." जागा बारा नंबरला गेली.

बसथांब्यापर्यंत मी तिला सोडायला गेलो. लाज कोळून प्यायलेला माणूस आणखी काय करणार!

"मामा, तुमच्याकडे बघितलं मी. शिकवलेलं मोडलं," ती म्हणाली.

"अगं, हीटर बंद पडला होता," मी म्हणालो.

"असं होय," ती म्हणाली. एवढंच. मग पिशवीतून कापडात बांधलेल्या रोट्या काढून माझ्या हातात दिल्या. "आईनं तुमच्यासाठी दिल्यात. राहिल्याच होत्या द्यायच्या." बस आली, ती चढली. त्या रोट्या मी घरी नेल्या आणि खाल्ल्यासुद्धा.

मे महिन्यात तिचं कोकंदला लग्न झालं. अंझिरातनं आग्रहानं बोलावलं, "बापाच्या जागी तुम्हीच वाजवायचं, तुर्गून-आका." तिला काही ठाऊक नव्हतं. लेकीनं आईला सांगितलंच नव्हतं. नाही गेलो असतो तर चार लोकांनी विचारलं असतं, म्हणून गेलो. अंगणात ऊन रणरणत होतं, सासरच्या बायका रांगेनं बसल्या होत्या. सानोबार तोंडावर ओढणी घेऊन उंबऱ्याशी उभी होती आणि एकेका नातेवाइकाला कमरेत वाकून सलाम करत होती. हात पोटाशी घट्ट धरलेले. वाकायचं, उभं राहायचं, परत वाकायचं. दुसरी काही हालचाल नाही.

मी डोयरा काढला. इतक्यात तिची नणंद ओढणीच्या टोकानं धरलेली लोखंडी पाटी घेऊन माझ्यापुढे आली. पाटीत लालभडक निखारे होते.

"नवरीनं पाठवलेत," ती हसत म्हणाली. "म्हणाली, आमच्या मामांना द्या, त्यांचा डोयरा गार पडतो. या उन्हात निखारे? मी म्हटलं, काय बाई तरी पोरगी, किती काळजी मामाची!"

बायका कौतुकानं हसल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि ओढणीआडून तीही बघत असणार. मी निखाऱ्यांपुढे उकिडवा बसलो आणि डोयरा गोल फिरवत, तिच्यासमोर, चांगला टणटणेपर्यंत तापवला. मग वाजवला. कडेचा ठोका असा खणखणला की अंगणातली पोरंटोरं उठून नाचायला लागली.

ती पुढच्या नातेवाइकाला सलाम करायला वाकली.