दाराआडची भिंत

गाडी फाटकातून आत येऊन चौकात थांबली, की जमादार आपल्या काठीचं टोक चाकाला हलकेच लावायचे. झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. मग म्हणायचे, "सरकवा न भाऊ. चौक सगळ्यांचा हाय."

आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पण गाडी सरकेपर्यंत काठीचं टोक चाकावरून हलायचंही नाही.

इंग्रजी अमलातली गोष्ट आहे. बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्याजवळ काही कापूसवाल्यांनी आणि कचेरीतल्या बाबूंनी मिळून जागा घेतली आणि घरं बांधली. घरं ज्याची त्याची; फाटक, विहीर आणि चौक सगळ्यांचे. त्या साऱ्या वस्तीलाच लोक 'फाटक' म्हणू लागले. पंचांनी नियम ठरवले. गाडी, छकडा, टांगा, काहीही असो, माल किंवा माणसं उतरली की ती मागच्या गाडीतळावर जायची. दिवाळीआधी प्रत्येकाने दर्शनी भिंतीला नीळ घातलेला चुना द्यायचा. दारं हिरवी. हे सगळं सांभाळायला कचेरीच्या चौकात गाड्या सरकवून निवृत्त झालेले हे जमादार ठेवले होते. फाटकालगतच्या खोलीत ते एकटे राहत. बायको कधीच वारली होती, मुलगीही गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. खोली इतकी लहान, की तिचं दार बाहेर उघडून भिंतीला टेकवून ठेवावं लागे.

दिवाळी जवळ आली, की ते घरोघर फिरत. "शेठ, भिंत वाट पाहून राहिली." शेठ हसत आणि माणूस लावत. मात्र ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असे, त्या घरापुढून ते मान खाली घालून निघून जात. दुखवट्याच्या घराला पहिल्या दिवाळीला चुना लावत नाहीत. ते घर तसंच मळकं राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न सांगता कळे. पंचांच्या नियमांत ही सूट नव्हती. ती जमादारांनी आपल्या मनाने ठेवली होती.

आता माझ्याबद्दल. मी पंचांत सगळ्यांत तरुण, कचेरीत कारकून, आणि जमादारांवर माझा राग होता. माझे सासरे खानदेशातून पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांची बैलांची दमणी चौकात उभी राहिली. ते पाणी पीत होते, तोच काठी चाकाला लागली. "सरकवा न भाऊ."

सासरे तांब्या खाली ठेवून मला म्हणाले, "जवाईबुवा, तुमच्या फाटकात पावण्याले पाणी प्यायले फुरसत नाही का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात राहिलं.

पुढे एका वर्षी, नवरात्राच्या सुमारास, एक टांगा आत आला आणि चौकाच्या मधोमध उभा राहिला. टांगेवाला उतरून जमादारांशी काहीतरी बोलला. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो. जमादारांनी काठी भिंतीला उभी केली आणि खाली बसले. टांगेवालाही शेजारी बसला. शेठची बग्गी अडली, तिला वळसा घालावा लागला. तरी जमादार उठले नाहीत. दुपार कलल्यावर त्यांनी स्वतः विहिरीचं पाणी काढून घोड्यापुढे ठेवलं आणि टांगा गेला.

त्या दिवाळीला सगळं फाटक निळसर पांढरं झालं. राहिली फक्त जमादारांची भिंत.

मला हवं ते मिळालं होतं. पंचांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, मी विचारलं, "जमादार, नियम सगळ्यांना सारखा ना?"

"व्हय, बाबूजी."

"मग तो टांगा? आणि तुमची भिंत? तुमच्या घरी कोण गेलंय?"

शेवटचं वाक्य मी टोमणा म्हणून बोललो होतो. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग म्हणाले, "कोनी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कुंचला घेऊन भिंतीसमोर उभे होते. जाता जाता मी म्हणालो, "हां, आता कसं!" त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या नवरात्रानंतर त्यांनी किल्ली पंचांकडे दिली, वळकटी उचलली आणि गेले. कुठे, ते कुणी विचारलं नाही. मी खोलीला कुलूप लावायला गेलो. वर्षभर भिंतीला टेकलेलं दार ओढलं आणि मागची भिंत उघडी पडली. दाराएवढा उभा पट्टा जुना, मळका, चुन्याचा थेंबही न लागलेला. कड अगदी सरळ होती.

"हा जमादाराचा चुना!" मी ओरडलो. माणसं जमली, हसली. त्याच दिवशी मी माणूस लावून तो पट्टा चुन्याने पुसून घेतला. ओल्या चुन्यातून तो बराच वेळ दिसत राहिला. चुना सुकला तसा नाहीसा झाला.

दोन-तीन वर्षांनी कचेरीच्या कामासाठी चांदनी गावाला गेलो. स्टेशनबाहेर टांगा केला. टांगेवाल्याने मला ओळखलं. "तुम्ही लोधीपुऱ्याच्या फाटकातले ना? जमादार माझे सासरे."

मी चमकलो. त्यांची जात माझ्या कानावर होती, याची वेगळी दिसत होती.

"त्यांच्या लेकीनं माझ्याशी लग्न केलं म्हणून जातवाल्यांनी त्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. ती जिवंत असताना. मग ती खरंच गेली, तेव्हा मी सांगायला आलो. म्हणाले, एकदा आंघोळ केली, आता दुखवटा कोणत्या तोंडानं सांगू? तू घरी धर, मी भिंतीवर धरतो."

लगाम हातात घोळवत तो पुढे सांगू लागला.

"तिचं वर्ष झाल्यावर इथंच आले. शेवटी माझ्याच घरी वारले. पण भिंतीचं विचारलं की बोलायचेच नाहीत. बाबूजी, त्या साली त्यांनी चुना लावला होता का हो?"

"दारामागची राहिली होती," मी म्हणालो. "वर्षभर."

त्याने डोळे पुसले. "मग धरला त्यांनी."

बाकीच्या भिंतीला चुना कुणी लावायला लावला आणि राहिलेला पट्टा कुणी पुसला, हे मी त्याला सांगितलं नाही. ते आज लिहितो आहे. आमच्या फाटकात अजून कुणी काम अर्धवट टाकलं, की पोरंसोरंही "जमादाराचा चुना" म्हणतात. तो शब्द माझा आहे. तो थांबवावा.

त्या दिवशी चांदनीच्या चौकात मी उतरलो. मागून एक बैलगाडी येत होती, तरी मी टांग्याचा दांडा धरून उभाच. टांगेवाल्याने लगाम उचलला. "सरकवतो, बाबूजी. चौक सगळ्यांचा हाय." मग थोडं हसून म्हणाला, "ती म्हणायची असं."