अंबूबाईने राखलेलं चावरं कुत्रं

मारुंजीत अंबूबाईशी वाद घालायला सहसा कुणी जात नसे. नवरा गेल्यावर सात शेळ्या, दीड एकर खडकाळ रान आणि टिक्या नावाचा कुत्रा एवढ्यावर या बाईने संसार रेटला, तोही कुणापुढे हात न पसरता. भावकी रान मागायला आली तेव्हा तिने त्यांना बांधावरूनच परतवून लावलं होतं. कुणी शहाणपण शिकवू लागलं की ती विचारायची, "कशावरून?" आणि समोरचा काढता पाय घ्यायचा.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात टिक्या रंगरावाच्या पोटरीला कडकडून चावला. रंगराव म्हणजे तिचा चुलत दीर, गावातलं वजनदार माणूस. कुणी जखमेत मिरचीपूड कोंबली, कुणी वर चुना थापला, आणि दहा-बारा जण काठ्या घेऊन अंबूबाईच्या दारात आले. चावलेलं कुत्रं दिवस मावळायच्या आत मारायचं, ही गावाची रीतच होती. ज्याला चावलं त्याचं पुढे काय, ते देवावर.

अंबूबाईने टिक्याला शेळ्यांच्या खोपटात साखळीने बांधलं होतं आणि ती कोयता घेऊन दारात उभी होती.

"पहिली काठी माज्यावर पडंल, मंग कुत्र्यावर," ती म्हणाली.

नशीब असं, की चिंचवडकडच्या गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर ज्योतीराम त्याच दिवशी बैलांना टोचायला गावात आला होता. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. गर्दीत घुसून तो ओरडला, "मारा की! मंग कुत्रं पिसाळल्यालं व्हतं का न्हाई, हे रंगरावांनी कुनाला इचारायचं?"

काठ्या जरा खाली आल्या. त्याने समजावलं: कुत्रं दहा दिवस बांधून ठेवायचं, खायला-प्यायला द्यायचं, जवळ कुणी जायचं नाही. दहा दिवस धड राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विष नव्हतं. मधेच बिघडलं किंवा मेलं तर लगेच सांगायचं. "आन खरं तर पुन्याच्या सुया आजच सुरू करायच्या असत्यात, रंगराव. वाट बगू नका."

"पोटात चौदा सुया? चांगल्या कुत्र्यापायी? आपन न्हाई जानार!" रंगराव म्हणाला. मारायचं होतं तोवर कुत्रं पिसाळलेलं होतं. सुयांचं नाव निघताच ते चांगलं झालं! ज्योतीरामने कपाळावर हात मारला आणि निदान मिरची तरी काढली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाव तास जखम धुतली. रंगरावाच्या बोंबा वेशीपर्यंत गेल्या.

शेळ्या घरात आल्या. अंबूबाई लांब काठीने भाकरीची परात खोपटात सरकवायची आणि दाराबाहेर बसून राहायची. येणारे-जाणारे टोमणे मारायचे, एकदोघांनी दगडही मारले. तिने ते दगड गोळा करून चुलीपाशी रचून ठेवले. टिक्या निर्दोष आहे याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

सहाव्या दिवशी टिक्याने भाकरीला तोंड लावलं नाही. त्याचा आवाज घोगरा झाला होता. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती आणि तिच्याकडे तो अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत होता. अंबूबाई भिंतीला टेकून धाय मोकलून रडली.

खोपटात तिच्याशिवाय कुणी डोकावत नव्हतं. रंगरावाची जखम सुकली होती, तो बाजारहाट करत हिंडत होता. गप्प राहून गावाला सांगता आलं असतं, कुत्र्याला पान लागलं, साप चावला. तो विचार मनात आला आणि तिला स्वतःचाच संताप आला. तोंड धुऊन, पदर खोचून ती भरदुपारी चावडीवर गेली.

"भावजी, टिक्या बिघडला. आत्ताच्या आत्ता पुन्याला निघा."

"म्हंजी आमचंच खरं झालं!" कुणीतरी हसलं. "तवाच मारला असता तर?"

"तर आज ह्यांना सांगाया कोन आलं असतं, तू?" ती कडाडली. "उटा भावजी! गाडी जुपा!"

रंगरावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठून बैलांकडे धावला.

निरोप मिळताच आलेल्या ज्योतीरामने टिक्याला लांबूनच पाहिलं, मान हलवली आणि अंबूबाईचे हात तपासले. बोटावर काट्याचा ओरखडा होता. चाव्याच्या दोन दिवस आधी टिक्याने तो चाटला होता. "मावशी, तुमी बी जायाचं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी टिक्या गेला. ज्योतीरामने हातांना गोणपाट गुंडाळून त्याला खोल पुरलं. तेव्हा अंबूबाई पुण्यात होती. तिला त्याचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही.

पुण्याच्या दवाखान्यात चौदा दिवस दीर-भावजय एका रांगेत उभे राहिले. रंगराव सुईआधीच विव्हळायचा. अंबूबाईने हूं केलं नाही.

शेवटच्या दिवशी रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "कुनाचं गं कुत्रं चावलं?"

"हिचंच," रंगराव पुटपुटला. "पिसाळल्यालं व्हतं."

"व्हय, पिसाळलं व्हतं," अंबूबाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आन मी त्याला मारू दिलं न्हाई, म्हनून ह्यो मानूस हितं हुबा हाय."

रंगरावाने बाजूला सरून तिला पुढे जायला जागा दिली.