सरांचा आजीवन परवाना

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. हा किस्सा ऐकून माझी बायको इतकी हसली की तिला भाकरी थापता येईना. आणि तिला तर माझ्या मूर्खपणाची चांगली सवय आहे!

तर मी लातूरला बायोलॉजी शिकवतो. स्वतःचा क्लास आहे. लातुरात क्लासवाल्या सरांचा काय मान असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सरांनी सांगितलं की पालक तेच पुस्तक घेतात, त्याच मेसचा डबा लावतात, डोळ्याचा डॉक्टरसुद्धा सरांना विचारून गाठतात. घर आमचं लिंगायत, कपाळाला विभूती. आणि दारूचं म्हणाल, तर मी खोकल्याचं औषधही वास घेऊन परत ठेवणारा माणूस.

असल्या माणसानं ऑनलाइन वाईन विकायला काढली. आता बोला!

झालं काय, माझा मेहुणा शिवानंद. औशाकडं त्यांची द्राक्षबाग. भूकंपात घर गेलं, तरी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, जमीन सोडली नाही. पत्र्याच्या शेडात राहून त्यांनी ती बाग उभी केली. शिवानं रीतसर कागदपत्रं करून तिथंच छोटी वायनरी काढली. वाईन उतरली झकास, असं पिणारे म्हणायचे. पण गिऱ्हाईक? वाट वाकडी करून त्या मळ्यात जाणार कोण? पेट्यांवर पेट्या पडून राहिल्या.

आप्पांना मुळात हा उद्योगच पसंत नव्हता. त्यांनी निकाल देऊन टाकला. "एप्रिलातल्या खरडछाटणीच्या आत माल हालला तर हालला. न्हाईतर बाग मोडायची अन् सोयाबीन पेरायचं!"

शिवाचं तोंड बघवेना हो. बागेवर जीव त्या पोराचा. मी छाती ठोकून म्हणालो, "शिवा, बाग मोडू देत नसतो मी. ऑनलाइन विकू! लॉकडाऊनमध्ये अख्खी पचनसंस्था मोबाईलवर शिकवली मी, बाटल्यांचं काय घेऊन बसलास?"

"पण दाजी, घरपोच द्यायला वेगळं लायसन लागतंय म्हणं."

"लागू दे की! काढतो."

आणि एकदा मी काढतो म्हणालो की काढतोच. क्लास सुटला की नियम वाचायला बसायचं, असा सपाटा लावला. पहिल्याच पानावर होतं, परवान्याशिवाय वाईन घरपोच मिळणार नाही. झालं, हाच तो परवाना! अर्ज शोधून काढला. त्यात लिहिलेलं, मद्य खरेदी करणे, बाळगणे, वाहतूक करणे आणि सेवन करणे.

आता आम्ही पडलो क्लासवाले. एकेक पर्याय ताडून बघायचा, ही आमची रीत. खरेदी? बरोबर, शिवाकडून घेणार. बाळगणे? घरात ठेवणार. वाहतूक? तीच तर करायचीय! राहिलं सेवन. म्हटलं, माल चाखून बघण्यापुरतं असेल. तीन जुळले ना? मग टिक करा आणि पुढं चला!

पुढं मुदत विचारली होती. एक दिवस, एक वर्ष, की आजीवन? अहो, धंदा काय कुणी एका दिवसासाठी काढतं? दणकून आजीवन केलं.

परवाना हातात आला तेव्हा मला कोण आनंद! फ्रेम करून क्लासच्या ऑफिसात लावला, टॉपर मुलांच्या फोटोंच्या शेजारी, हार घालून. येईल त्याला पेढा. पालक यायचे, फ्रेम वाचायचे, माझ्या विभूतीकडं बघायचे आणि पेढा घेऊन गुपचूप निघून जायचे. मला वाटलं, जळतात लोक!

बायको म्हणाली, "अहो, लायसन इतकं सोपं असतंय का?"

"तुझ्यासाठी अवघड. आमचा अभ्यास असतो."

मग वेबसाइट केली. पहिली ऑर्डर आली नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. डॉक्टर झालाय आता. शिवाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, पहिली पेटी आपण स्वतः नेऊन द्यायची. निघालो दोघं गाडी घेऊन नांदेडच्या रस्त्याला.

लोह्याच्या अलीकडं एक्साइजवाल्यांनी गाडी अडवली. साहेब वाकून बघतात तर काय!

"अरे, सर तुम्ही? शरणार्थ, शरणार्थ!"

आम्हा लिंगायतांचा नमस्कार घातला त्यांनी. त्यांची मुलगी माझ्याच बॅचला. मी आणखी फुगलो. डिकी मीच उघडून दाखवली. "वाईन आहे साहेब. एकदम कायदेशीर. ही बघा लायसनची झेरॉक्स, आजीवन!"

साहेबांनी कागद वाचला. मग परत वाचला. मग मला जरा बाजूला घेतलं.

"सर, ह्याच्यात विक्री कुठं लिहिलीय?"

"म्हणजे?"

"हा पिण्याचा परवाना हाय. आपल्याकडं प्यायला बी परवाना लागतो ना, तो हा. विकायचं लायसन वेगळं, अन् घरपोच द्यायचं त्याहून वेगळं."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! म्हणजे गेले कित्येक दिवस मी हार घालून, पेढे वाटून गावाला काय सांगत होतो? की आता मी मरेपर्यंत पिणार आणि सरकारची त्याला हरकत नाही!

साहेब हळूच म्हणाले, "सर, आता नीट विचार करून सांगा. ही पेटी विकायला चाललीय, का तुमच्या स्वतःसाठी? विकायला असंल तर केस करावी लागंल. मग शिवानंदरावांची वायनरी बी त्यात येती. स्वतःसाठी असंल तर परवाना हाय, माल मापात हाय, जाऊ द्या."

दोनच पर्याय होते हो! जन्मभर पोरांना पर्याय दिले, आज माझ्यावर पाळी आली. शिवाकडं बघितलं. तो गाडीला टेकून पांढराफटक उभा होता. डोळ्यांपुढं आप्पांचं सोयाबीन हलायला लागलं. तिकडं दोन शिपाई कान टवकारून उभे.

मी विभूती पुसली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "माझ्यासाठी आहे."

"सगळी?"

"सगळी."

"एकट्याला?"

"रोज लागते साहेब!"

त्यांना हसू आवरेना. गाडी सुटली आणि आम्ही तिथूनच माघारी फिरलो. डॉक्टरला फोन करून सांगितलं, ऑर्डर रद्द. वेबसाइट तर मी वाटेतच बंद केली.

पण ते दोन शिपाई! आम्ही घरी पोचायच्या आत बातमी लातुरात. त्यात भर म्हणून ऑफिसात फ्रेम होतीच, शंकेला जागाच नाही. मी म्हटलं, झालं, क्लास बुडाला, बागही बुडाली, आता आप्पांसोबत आपणही सोयाबीन पेरायचं.

तर काय सांगू, त्या रविवारी शिवाचा फोन. "दाजी, मळ्यात गाड्या लागून राहिल्या!" पालकच सगळे. रीतसर परवाने काढून आलेले. आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "सर घेतात तीच हाय ना?" शिवा काय म्हणणार? "हाव, तीच!" अहो, सरांनी निवडलीय म्हणजे मालात खोट कशी असेल?

छाटणीच्या आत पेट्या संपल्या. आप्पा म्हणाले, "राहू दे बाग." एवढंच म्हणाले, पण शिवा लहान लेकरासारखा रडला. मलाही गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू? आता घरपोच विक्रीच्या लायसनसाठी वकील धरलाय. अर्ज तो भरतो. मला हातसुद्धा लावू देत नाही.

आणि मी? परवा हॉटेलात बसून ताक मागवलं, तर शिवा धावत आला आणि ग्लास टेबलाखाली दडवला. म्हणाला, "दाजी, पाया पडतो. कुणी बघितलं तर धंदा बसंल माझा. ताक घरी पीत जा, दार लावून!"