वरच्या मजल्यावरून आलेला डबा

ग्रॅहमकाका गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या लेकीनं आमच्याकडं गोड आणून दिलं.

हो, गोड. मयताच्या घरातून.

आज वर्ष झालं. गल्लीत अजून त्यावर कुजबुज होते, म्हणून काय झालं ते एकदाच नीट लिहून टाकतो.

ग्रॅहमकाका आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मूळचे इंग्लंडचे. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात मशिनरी बसवायला आले, काम संपलं, रिटायर झाले, तरी परत गेले नाहीत. बायको आधीच वारलेली. एकुलती एक मुलगी ल्यूसी, ती लीड्सला.

त्यांना इथला संसार शिकवला माझ्या आईनं.

पहिल्या होळीला आईनं स्टीलच्या डब्यातून कटाची आमटी दिली. काकांनी डबा घासून, पुसून, आरशासारखा करून आणून दिला.

रिकामा.

आई कुंडलची. तिला मनात ठेवायला जमत नाही.

"गिरामसायेब, शेजाऱ्याचा डबा रिकामा देत्यात व्हय? काय नसलं तर चार दानं साखरंचं टाकावं."

पुढच्या वेळी डबा आला. तळाशी साखरेचे दाणे.

मोजून चार.

आई दिवसभर हसत होती. मग तिनंच वर जाऊन सांगितलं, की मूठभर टाकली तरी चालतंय.

तेव्हापासून आमचा डबा कधी रिकामा आला नाही. थंडीत संत्री स्वस्त झाली की काका मार्मालेड करायचे. सालीचे बारीक काप, साखर, आणि घरभर वास. आई चाखून दरवर्षी तेच म्हणायची, "कडू लागतंय. पन वाईट न्हाई."

आणि बरणी संपवायची.

आसपासच्या कंपन्यांत कुणी नवा इंग्रज आला की त्याला आधी आमच्या जिन्यावरून वर पाठवायचे. काका त्याला चहा देऊन ट्रेनिंग द्यायचे. मी कितीदा तरी ऐकलंय.

नळाला पाणी आलं की हातातलं काम टाका. ऑफिसचा कॉल चालू असला तरी टाका.

सिलेंडर बदलला की लगेच पुढचा बुक करा, संपायची वाट बघू नका.

चहा नको म्हणू नका, अर्धा कप म्हणा. वाढणाऱ्याला नुसतं 'नो थँक्यू' ऐकू येत नाही, ताटावर हात आडवा धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजाऱ्यांचा डबा रिकामा द्यायचा नाही.

हे सगळं ते ल्यूसीलाही फोनवर सांगायचे. तिला काडीचा इंटरेस्ट नव्हता. तिला बाप परत हवा होता.

काकांना हार्टचा त्रास सुरू झाल्यावर तर तिनं हट्टच धरला. काका आईला म्हणाले, "वैनी, इथं पानी कवा येतं ते मला कळतं. तिकडं आता मला कायबी कळत न्हाई."

गेले नाहीत.

ल्यूसीनं एकदा मला फोनवर स्पष्ट सुनावलं, "तुम्ही लोकांनी माझ्या वडिलांना माझ्यापासून ठेवून घेतलंत."

आईनं विचारलं, काय म्हणाली. मी जसंच्या तसं सांगितलं. कशाला सांगितलं, असं नंतर वाटलं. आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिच्या जागी मी असती तर मीबी हेच म्हनली असती."

हॉस्पिटलात नेल्यावर ल्यूसी धावत आली. बापलेकीची भेट झाली, तेवढं बरं झालं. आमच्याशी मात्र कामापुरतं बोलायची. आई डबा घेऊन गेली तर "मी हॉटेलात जेवलेय."

काका गेले. त्यांच्याच इच्छेनं सगळं इथंच झालं. स्मशानातून आल्यावर ल्यूसी वर जाऊन दार लावून बसली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. आईनं पिठलं-भाकरी केली, त्याच डब्यात भरली, वर नेली. दार उघडलं. ल्यूसीनं डबा घेतला आणि दार लावलं.

आई जिन्यात जरा वेळ थांबून खाली आली. "पोरगी माझ्यावर राग घिऊनच जानार बघ," म्हणाली. मला पहिल्यांदा ती म्हातारी वाटली.

आणि सकाळी ल्यूसी खाली आली. हातात डबा. घासलेला. आत मार्मालेड.

"डॅडनी केलेलं शेवटचं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "डबा रिकामा द्यायचा नाही, असं ते सांगायचे."

आता पंचाईत. मयताच्या घरून आलेला डबा रिकामाच असतो. त्या घरचं काही खायचं नसतं, गोड तर नाहीच. पण हे काकांना कुणी शिकवलंच नव्हतं. असलं कोण कुणाला आधीच शिकवून ठेवतं?

लोणंदची आत्या आलेली होती. ती पुढं झाली. "आगं वैनी, ठेव बाजूला! सुतकाच्या घरचं गोड खातीस व्हय?"

माझी आई. अमावस्येला डोक्याला तेल लावत नाही. सुतकाच्या घरी पाणी पीत नाही.

तिनं ल्यूसीकडं बघितलं. डब्यात बोट घातलं आणि उभ्या उभ्या चाटलं.

"गोड कुटं हाय?" आत्याला म्हणाली. "कडू हाय त्ये."

आणि रडायला लागली. ल्यूसीला त्यातलं अक्षर कळलं नसेल, पण तीही आईला धरून रडली. मग आमच्या ओट्याजवळ बसून दोन कप चहा प्यायली. अर्धा नाही, पूर्ण.

जाताना आईनं त्याच डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली. डबा वर्षभर लीड्सला आहे. व्हिडिओ कॉलवर आई दुसरं काही विचारतच नाही. "माजा डबा कवा आनतीस?"

शनिवारी आणतेय.

ग्रॅहमकाका, मघाशी पाणी आलं होतं. हातातलं काम टाकून वरची टाकी भरून ठेवलीय. लेकीची काळजी करू नका.

तुम्हाला आमच्या सगळ्या घराचा नमस्कार.